ब-चौदा

तीन महिने मिटिंगा झाल्या.
शिवाजी पेठेतल्या ऑफिसात, चहावर चहा,
कोण कुणाशेजारी बसणार नाही
एवढंच ठरत गेलं.
कोण कुठं बसणार ते शेवटच्या आठवड्यात.

मी खुर्च्यांचा माणूस. आकाराम सुतार.
सोळाशे चाळीस खुर्च्या, पांढरी कव्हरं, मागं बो.
खासबागेच्या तांबड्या मातीवर आधी ताडपत्री,
मग प्लाय, मग गालिचा.
वस्ताद येऊन म्हणाले, गालिचा घाला न्हाईतर सोनं घाला,
खाली आखाडा हाय.
पायताणं बाहेर.
मुंबईचा शो-डायरेक्टर हसला.
मग वस्तादांकडं बघून त्यानं बूट काढले.

आदल्या रात्री तालीम.
रिकाम्या खुर्चीवर कॅमेऱ्याचा जीव बसत नाही,
त्याला तोंडं लागतात.
म्हणून आम्हीच बसलो बड्या लोकांच्या जागी
छातीवर नावाचे कागद टाचून.
जनरेटरवाला दस्तगीर झाला नायक,
पोह्यांचे डबे घेऊन आलेलं पोरगं जीवनगौरव,
आणि ब-चौदा, प्रमुख भूमिका, अभिनेत्री,
तिथं हौसाक्का.
झाडायला आलेली. पदर खोचलेला. बासष्ट वर्षं.

बाकीचे नाव पुकारल्यावर
लाजत, एकमेकाला ढकलत पळाले होते.
हौसाक्का लगेच उठली नाही.
शेजारच्या रिकाम्या खुर्चीच्या दांडीवर
तिनं हात ठेवला, तिथं कुणी असल्यासारखा.
मग उठली. सावकाश.
स्टेजच्या काळ्या प्लायवर खडूची फुली होती.
फुली ओलांडून ती दीड पाऊल डावीकडं गेली,
हनुवटी जरा वर.

वरनं लाइटवाला दिनकर ओरडला,
"आक्का, फुली चुकलीस!"
आणि मग, थोड्या वेळानं,
"थांब. फुलीच चुकलीया."

कुठं शिकलीस म्हणून विचारलं.
"शिकायचं काय त्यात? तीस वर्सं गर्दीत हुते.
बाजारात वांगी घेणारी, जत्रेत नारळ धरणारी,
राजा मेल्यावर दुसऱ्या रांगेत रडणारी.
हिरोइनीच्या खांद्यावरनं सांडंल तेवढा उजेड आमचा.
त्यो हुडकाय लागायचा बाबा,
न्हाईतर घरची म्हणायची,
तू हायस कुठं ह्यात?"

ट्रॉफीच्या जागी पाण्याची बाटली होती.
तिनं ती दोन्ही हातांनी घेतली.
वीस सेकंद काहीही बोला, माईक बघायचाय,
असं डायरेक्टर म्हणाला.
ती म्हणाली,
"सगळी जेवलासा न्हवं?"
आणि उरलेले सेकंद नुसती उभी राहिली,
सोळाशे चाळीस पांढऱ्या कव्हरांकडं बघत.
मीच ती घातलेली,
पण त्या वेळी मला माणसं वाटली.

कार्यक्रम झाला. दीड तास उशिरा,
कारण प्रमुख पाहुणे रंकाळ्यावर भेळ खात बसले.
एकाचं नाव चुकलं, एकाचं राहिलंच,
एक शाल दोघांच्या खांद्यावर फिरून आली.
अध्यक्षांच्या भाषणात जनरेटर बंद पडला.
पडला, असं आम्ही म्हणतो.
दस्तगीर काहीच म्हणत नाही.

ब-चौदाची बाई आली. चांगली होती, खरंच रडली.
नव्या फुलीवर अगदी बरोबर उभी राहिली
आणि चेहरा असा उजळला
की मागच्या रांगेतली म्हातारी माणसंसुद्धा गप्प झाली.
हौसाक्का तेव्हा पार्किंगकडं
पाण्याचे बॉक्स मोजत होती.
तिथनं स्टेज दिसत नाही. आवाज येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लाय उचलला.
माती तशीच, जरा दबलेली,
पोरं लंगोट बांधून ताटकळत उभी.
स्टेजच्या एका तुकड्यावर दोन फुल्या निघाल्या,
एक खोडलेली.
तो मी गोडाऊनात भिंतीला लावून वेगळा ठेवलाय.
पुढच्या महिन्यात उचगावात मोठं लग्न आहे,
प्लाय कमी पडणार आहे.
बघू.